घराचा धडा

४ जानेवारी, रविवार

दुकान बंद केलं तेव्हा आणलेल्या सामानात तपासणीची एक कोरी वही सापडली. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेले आहेत: वजन, फरक, शेरा. काटे दुरुस्त करत होतो तेव्हा असली दोन पानं रोज भरायची. आता काटे राहिले नाहीत, कागद मात्र चांगला आहे, म्हणून रकाने मोडून त्यातच लिहितो.

लिहायचं कारण म्हणजे आजपासून घर बांधायला घेतलंय. सायकलला जोडून ओढायचं घर. लांबी सात फूट, रुंदी साडेतीन, उंची चार, चाकं दोन. वाचून हसायला इथे कोणी नाही.

कल्पना हिची. सात वर्षांपूर्वी आमची लेक विजेवरचे काटे विकायला लागली. मी दांडीचे काटे दुरुस्त करणारा, माझ्याच हाताखाली शिकलेली पोर, आणि तिने आकडे चमकवणारे डबे विकायचे! माझं एकेक गिऱ्हाईक त्या डब्यांनी पळवलं. तेव्हा चार लोकांसमोर मी म्हणालो होतो, तुझ्या घराची पायरी चढणार नाही. ही एकटीच जाऊन तिचं घर बघून आली आणि म्हणाली, "आता जाईन ती दोघं मिळूनच." मी शब्द पाळतो, हीसुद्धा पाळते. त्यामुळे सात वर्षं कोणीच गेलं नाही.

परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्या घराची पायरी चढणार नाही म्हणालात. अंगणात येणार नाही असं कुठे म्हणालात?"

"मग?"

"मग आपलं घरच घेऊन जाऊ. अंगणात उभं करू. तुम्ही तुमच्या घरात, ती तिच्या घरात. आणि तिच्या घराला पायरी आहे की नाही, तेसुद्धा तुम्ही कुठे पाहिलंय?"

वकिलालाही सुचणार नाही असली वाट. मी हो म्हणालो. मला गाडी येत नाही, पण सायकलवर वजनांची पेटी बांधून गावोगाव फिरण्यात जन्म गेलाय. रस्ता पाच-सहा दिवसांचा आहे, जवळजवळ सपाट.

११ जानेवारी, रविवार

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सगळे छर्रा म्हणतात. त्याने आस आणि दोन चाकं बसवून दिली आणि बजावलं, "काका, एकशेवीस किलो. त्याच्या वर एक किलो गेलं तर माझा आस तुटेल, नाहीतर तुमचे गुडघे. आधी काय तुटेल ते मी सांगत नाही."

म्हणजे हिशेब असा: घर पन्नास, सामान सोळा, आणि ही चोपन्न. हिला आजच मागच्या खोलीतल्या जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. अंगात तिचा तो जुना लांब कोट होता. कोटासकट बरोबर चोपन्न. काटा कालच वजनं लावून पडताळला होता. आता दर रविवारी घराचं आणि हिचं वजन घ्यायचं असं ठरवलं. ही म्हणाली, "माझं कशाला? मी काय रोज बांधली जाणार आहे?" मी म्हटलं, नियम तो नियम.

हिची जागा आसाच्या मागे. तेल घ्यायला भांडं पुढे केलं की आधी दुसऱ्या पारड्यात भांड्याइतकं वजन टाकून काटा मधोमध आणतात, त्याला आमच्यात धडा म्हणतात. ही मागे बसली तरच घराचं तोंड वर राहणार. मी म्हणालो, तू या घराचा धडा. म्हणाली, "चाळीस वर्षं झाली, तुम्ही अजून शिकला नाहीत." या कोटीवर ती स्वतःच बराच वेळ हसली.

शेरा: तपासले. बरोबर.

२५ जानेवारी, रविवार

सांगाडा उभा राहिला. जुन्या जाहिरात-फलकांच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत, रिबिटांनी जोडलेल्या. घर सध्या एकोणीस किलो. ही चोपन्न.

वजनांच्या पेटीतलं एक किलोचं वजन सापडत नाही. पत्रा दाबायला घेऊन कुठेतरी ठेवलं असेल. वय झालं की माणूस आधी वस्तू विसरतो आणि मग वस्तू विसरल्याचं विसरतो.

हिला थंडी फार वाजते यंदा. कोटाला आतून नवीन अस्तर लावत बसली होती. डिसेंबरात दवाखान्यात जाऊन आली होती तेव्हा डॉक्टरांनी पित्त सांगितलंय. जेवण कमी झालंय, तरी वजन तेवढंच. म्हणजे खाल्लेलं अंगी लागतंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भिंती कापडाच्या. हिचा जन्म शिलाई मशीनवर गेला. शाळेची दप्तरं, गाद्यांच्या खोळी, दुकानांचे पडदे, काय काय शिवलं. या भिंतींचं कापडही हीच शिवते आहे. आज टीप दोनदा वाकडी गेली. मी मशीनला तेल घातलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "मशीनला काही झालेलं नाही हो, माझाच पाय थांबतो." मग मी पायडल मारलं आणि तिने नुसतं कापड सरकवलं. दोघं मिळून एक भिंत झाली. मला फार बरं वाटलं आज. एवढं जवळ बसून आम्ही कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

झोपायची फळी साडेतीन फूट. मी म्हणालो, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागेल. ती म्हणाली, "आजवर वेगळं काय केलंय?"

दुपारी मी छर्ऱ्याकडे गेलो की ही लेकीशी फोनवर बोलते. परत आलो की फोन गरम असतो. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

घर सव्वातेहतीस. ही चोपन्न. गेल्या रविवारीही चोपन्न. माणूस तांब्याभर पाणी प्यायला तरी काट्याला कळतं, पण ही म्हणजे प्रमाण वजन झाली आहे. म्हटलं, तुझ्या कपाळावर सरकारी शिक्का मारून घेतो, वजनांवर दरसाल पडताळणीचा मारतात तसा. ती म्हणाली, "मारा, पण सालासकट मारा."

आता दोन किलोचंही एक वजन नाही. छर्ऱ्याला विचारलं तर तो उखडला. "काका, वजन चोरून मी काय भाजी विकू?" त्याचंही खरं आहे. उगाच विचारलं. जाताना त्याला चहा पाजला.

१ मार्च, रविवार

घर झालं!

छपराला जाहिरातीचे पोकळ प्लास्टिकचे पत्रे, त्याखाली थर्माकोल. एक खिडकी, तिला हिने शिवलेला पडदा. भिंतीला दुमडणारं टेबल. दार मागून, हिच्या जागेच्या बाजूला. ही आत जाऊन बसली, पडदा सरकवला आणि बाहेर बघत राहिली. बाहेर फक्त आमची भिंत होती आणि वाळत घातलेली पायपुसणी, तरी पुष्कळ वेळ बघत होती.

मग वजन केलं. एक्कावन्न किलो तीनशे. ही चोपन्न. सामान सोळा. बेरीज एकशेएकवीस तीनशे. सव्वा किलो वर गेलं.

ही म्हणाली, "सव्वा किलोने काय होतंय? उद्याच निघू."

"सव्वा किलोसाठीच अडतीस वर्षं लोकांचे काटे अडवले मी. आता स्वतःला सोडू?"

"माझ्यासाठी सोडा."

"तुझ्यासाठीच करतोय. वाटेत आस तुटला तर तू कुठे बसशील?"

ती उठली. आत जाऊन पडली. हल्ली रुसवा आला की पडून राहते. पंधरा-वीस दिवसांचं तर काम आहे, फळ्यांना भोकं पाडायची आणि बिजागऱ्या बदलायच्या. सात वर्षं थांबलो, आणखी पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे.

८ मार्च, रविवार

फळीला दीडशे भोकं पाडली. चाळण झाली आहे. लोखंडी बिजागऱ्या काढून कातड्याच्या पट्ट्या लावल्या. घर पन्नास किलो नऊशे.

ही चोपन्न. उन्हं तापायला लागली तरी कोट काढत नाही. काट्यावर चढताना कोटाची बटणं खालपर्यंत लावते. मी म्हटलं, अगं घाम येतोय तुला. म्हणाली, "येऊ द्या, तेवढीच हलकी होईन."

रंग द्यायचा विचार होता. ती नको म्हणते. "बिनरंगाचं घरसुद्धा घरच असतं. निघू या ना." दिवसातून चार वेळा तेच. लहान मुलासारखं झालंय तिचं. मी एकदा ओरडलो. नंतर वाईट वाटलं, पण तसं म्हणालो नाही.

१५ मार्च, रविवार

घर पन्नास किलो तीनशे.

हिला काट्याची चार बोटं उंची चढवेना. मी हात दिला. हात फार हलका लागला, नुसती हाडं. पण काट्याने चोपन्न दाखवलं आणि जीव भांड्यात पडला. काट्यापुढे हाताला कोण विचारतो? म्हातारपणी माणसाचं मांस हातापायांवरून उतरून पोटाकडे जातंच.

पेटीत आणखी वजनं नाहीत. मोजलं तर एकूण सहा कमी आहेत. दोन किलोची तीन, एक किलोची दोन, अर्ध्याचं एक. आता मात्र मला माझ्या डोक्याचीच शंका येते आहे. हिला सांगितलं तर म्हणाली, "जातील कुठे, घरातच असतील." मग माझा हात धरून बराच वेळ बसली.

१९ मार्च, गुरुवार

एकोणपन्नास किलो नऊशे! दाराची कडी काढून दोरी लावली आणि जमलं. शंभर ग्रॅम शिल्लक राहिले. ही म्हणाली, "शंभर ग्रॅमचं काय घेऊ या?" मी म्हटलं, तुला हवं ते. ती विचार करून म्हणाली, "तिच्यासाठी बटणांची डबी. लहानपणी त्या बटणांशीच खेळायची." डबीचं वजन केलं. नव्वद ग्रॅम.

रविवारी पहाटे निघायचं.

२१ मार्च, शनिवार

ही सकाळी मोरीपाशी पडली. छर्ऱ्याने गाडी आणली. हॉस्पिटल.

आत घेताना नर्सने कोट काढून तिला विजेच्या काट्यावर उभं केलं आणि साडेचव्वेचाळीस लिहिलं. मी म्हणालो, "ताई, तुमचा काटा बिघडलाय. कोटाचा एक किलो सोडला तरी साडेआठ किलोचा फरक येतोय. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा." तिने दुसऱ्या काट्यावर घेतलं. तिथेही साडेचव्वेचाळीस. मी म्हणालो, दोन्ही एकाच कारखान्यातले असणार. अडतीस वर्षांचा अनुभव सांगितला. आवाज चढला माझा. नर्स हिच्याकडे बघत होती आणि ही जमिनीकडे.

मग ही म्हणाली, "अहो, असू दे. त्यांचा काटा आहे, त्यांना वाचू दे."

कोटाची घडी माझ्याकडे द्यायला नर्सने हात पुढे केला तेव्हा हिने ती तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि पलंगाखालच्या पिशवीत ठेवली. तेवढा जोर कुठून आला कोण जाणे.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पोटात आहे, खूप पसरलंय, डिसेंबरातच सांगितलं होतं म्हणाले. कोणाला सांगितलं होतं? मला नाही.

२९ मार्च, रविवार

ही गुरुवारी गेली.

लेक बुधवारी पोचली होती. बुधवारची रात्र दोघी एकमेकींचा हात धरून होत्या, मी बाहेर बाकावर. सगळं उरकल्यावर आज ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "आई म्हणाली होती, घर येईल." मी मान हलवली. तिला हो वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. मला स्वतःला काय म्हणायचं होतं, तेही ठाऊक नाही.

आज रविवार. काट्यावर कोणी चढलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटलातून आणलेली पिशवी तशीच पडली होती. आज उचलली. जड लागली. आत फक्त कोट.

कोट आतून उलटा केला. नव्या अस्तराला सहा खिसे शिवलेले होते, प्रत्येक खिसा आतल्या वजनाच्या मापाचा, तोंडाला बटण. दोन किलोची तीन, एक किलोची दोन, अर्ध्याचं एक. साडेआठ. पहिल्या दोन खिशांची टीप सरळ आहे. नंतरच्यांची वाकडी होत गेली आहे. शेवटचा खिसा हाताने शिवलाय, मोठ्या टाक्यांनी.

माझं सगळं आयुष्य काटा मारणाऱ्यांना पकडण्यात गेलं. पारड्याखाली मेण लावणारे पाहिले, चुंबक लावणारे पाहिले, करंगळीने दांडी दाबणारे पाहिले. आणि माझ्याच घरात, माझ्याच वजनांनी, दर रविवारी माझ्या डोळ्यांदेखत हिने काटा मारला, आणि मी खाली लिहिलं, तपासले, बरोबर.

पण दर वेळी नेमकं किती घालायचं हे तिला कसं कळत होतं, म्हणून शोधलं. पलंगाखाली माझं दुकान बंद झालं त्या वर्षी लेकीने पाठवलेला विजेचा काटा आहे. मी त्या खोक्याची पट्टीसुद्धा फाडली नव्हती. पट्टी फाडलेली होती. झाकणाच्या आतून कपडे बेतायच्या निळ्या खडूने तारखा आणि आकडे. ११ जानेवारी ५३. २५ जानेवारी ५२. १५ फेब्रुवारी ५०. १ मार्च ४८.

१ मार्चला ४८.

बेरीज मी तिथे जमिनीवर बसूनच केली. घर एक्कावन्न तीनशे, सामान सोळा, ही अठ्ठेचाळीस. एकशेपंधरा तीनशे. वर कोट घातला तरी एकशेसोळा तीनशे. घर त्या दिवशी निघू शकत होतं. "उद्याच निघू" म्हणाली तेव्हा निघू शकत होतं. तिला ते माहीत होतं, आणि सांगायचं तर कोट उघडावा लागला असता. कोट उघडला असता तर मी घर टाकून तिच्या उशाशी बसलो असतो, हेही तिला माहीत होतं. एकोणीस दिवस मी फळ्यांना भोकं पाडत बसलो. ती त्यातल्या पहिल्याच दिवसापासून हलकी होती.

लेकीचा काटा खरं सांगत होता. मी माझा वाचत राहिलो.

मी रडलो. पुष्कळ रडलो. छर्रा शटर अर्धवट सोडून धावत आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी घर सायकलला जोडून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पाहिलं. तोंड खाली दबतंय, सायकलचं मागचं चाक घासतंय. छर्रा म्हणाला, "मागे वजन नाही ना, काका." बोलून जीभ चावली त्याने.

ट्रंक मागे घेतली. पाण्याचा कॅन मागे घेतला. तरी तोंड खालीच. "अजून आठ-नऊ किलो टाका, वाळूची पिशवी देऊ का?" मी नको म्हटलं. आत जाऊन कोट आणला आणि हिच्या जागी खुंटीला टांगला. खिशांची बटणं लावलेली आहेत. तोंड वर आलं. दांडी अगदी समतोल.

बटणांची डबी घेतली. विजेचा काटा घेतला. बाराच्या आत निघतो.

१७ एप्रिल, शुक्रवार

काल दुपारी पोचलो. वाटेतलं काही लिहावंसं वाटत नाही. चढावर उतरून ढकलायचो आणि सवयीने मागे म्हणायचो, बस तू, उतरू नकोस.

लेकीचं घर रस्त्याच्या कडेला आहे, खाली दुकान, मागे राहायची खोली. अंगण छोटं, पण माझं घर मावलं. तिने सायकल धरली, मी जोड सोडला. मग ती मागून आत डोकावली आणि आईचा कोट ओळखून काढायला गेली. एका हाताने उचलेना. दोन्ही हात लावले, कोट खुंटीवरून निघाला तसं घर पुढे कलंडलं.

मी म्हणालो, "राहू दे. तो तिथेच लागतो."

तिने तो परत टांगला. खिशांवरून हात फिरवला, एकेक चाचपलं. ती माझ्या हाताखाली शिकलेली आहे. कापडाआडून वजन ओळखता येतं तिला. "साडेआठ," म्हणाली. मग घळघळा रडायला लागली. "मला आकडे सांगायची फोनवर. मी म्हणायचे, मी येते, बाबांना सांगते. तर म्हणायची, सांगशील तर घर अर्धं राहील, आणि मग मी गेल्यावर ते तुझ्या अंगणात राहतील कशात?"

मी तिला बटणांची डबी दिली. दुसरं काय द्यावं सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "बाबा, ऊन आहे. आत या."

मी म्हणालो, इथेच बरा आहे. ती दार सताड उघडून बाजूला उभी राहिली. मी उठलो. का उठलो ते सांगता येणार नाही. सात वर्षांचा शब्द मोडायचा म्हणून दारापाशी जाऊन, खाली न बघताच पाय उचलला.

पायरी नव्हती. उंबराही नव्हता. अंगणाची फरशी तशीच सरळ आत गेली होती. "काटे ढकलत आत-बाहेर न्यावे लागतात ना," लेक म्हणाली, "म्हणून पहिल्यापासून सपाटच आहे."

उचललेला पाय त्याच सपाटीवर आत टेकला. ही म्हणाली होती, पायरी आहे की नाही ते कुठे पाहिलंय.